कावळे हाकलायची नोकरी

बराकपूर, फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप मामांस,

मुकुंदाचा कपाळ जमिनीला टेकून नमस्कार. (खरंच टेकलं होतं, पण कपाळावर टेंगूळ आहे म्हणून लगेच उचललं. त्याचं पुढं येईलच.) तुमचा दमा कसा आहे? मामीचे गुडघे? म्हैस व्याली का? मी ठीक आहे असं सगळे लिहितात, पण मी ठीक नाही. मी संतापलेलो आहे.

बजबजची तागाची गिरणी मी सोडली. (आईला बोलू नका, तिच्या लेखी मी तिथं मुकादम आहे.) आता कलकत्त्याच्या वरच्या अंगाला, बराकपूरला, गंगेकाठच्या एका खाजगी मनाच्या इस्पितळात वॉर्डबॉय आहे. इथं दोन डॉक्टर. थोरले लाहिरीबाबू, सत्तरीचे, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांच्याजवळ साहेबाच्या मुलखातलं एक जुनं जाडजूड पुस्तक आहे. त्यात म्हणे असं लिहिलंय की वेड्याचं बोलणं म्हणजे कचरा नव्हे. माणसाचं आतलं घर कोसळलं की तो हाताला लागतील त्या विटांनी परत बांधायला घेतो, आणि आपण त्या बांधकामालाच वेड म्हणतो. धाकटे डॉक्टर म्हणतात, ते पुस्तक रद्दीवाल्याला द्या. मेंदूतलं रसायन बिघडलंय, गोळ्या द्या, शॉक द्या. दोघांचं रोज चहाला भांडण, आणि कप मी विसळायचे.

आमच्याकडे मनोहरपंत म्हणून एक पेशंट आहेत. कऱ्हाडचे, बँकेतले, बदलीवर आलेले, बिनलग्नाचे. तीन महिन्यांपूर्वी बँकेच्या साहेबांनीच आणून सोडलं. कानात माणसं बोलतात, भिंतीपलीकडचे लोक डोक्यातले विचार चोरतात, असं सगळं. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. (चार वेळा गिरवून शिकलो. सातवी नापास माणसानं आणखी किती करायचं?) हिंदी, इंग्रजी, बंगाली येणारा माणूस, पण आता फक्त मराठी बोलतात, म्हणून मला त्यांच्यापाशी बसवलं. रोज दुपारी मुठीत भात घेऊन खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून उभे. स्वतः बळंबळं दोन घास, एरवी जेवायचं नाव नाही. गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी दिसायला लागली. शॉक द्यायचं ठरलं तर तीनदा ऐन वेळी लोडशेडिंग. (कलकत्त्याच्या विजेनं वेळ पाळलेली मी तेवढीच पाहिली.) धाकटे डॉक्टर मला म्हणाले, खिडकीत कावळे येऊन घाण करतात, हाकल. मी वेताची छडी घेऊन आठ दिवस इमानानं हाकलले.

त्यात लाहिरीबाबूंनी एक दिवस पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, "मुकुंद, तो कावळा म्हणजे त्याचा बाप." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सभ्य घरातल्या माणसाच्या वडलांना कावळा म्हणायचं! मी मराठीत काय बोललो ते लिहीत नाही, मामी पत्र वाचते. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी ते बोलणंही वहीत टिपून घेतलं आणि माझ्या वडलांचं आणि माझं कसं होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी पेशंट नाही. तेही टिपलं.

दुसऱ्या दिवशी मी छडी उगारली आणि मनोहरपंतांनी पितळी ताट माझ्या कपाळावर हाणलं. "मुडद्या, शिवू दे की त्याला! दहा महिने झाले!"

मामा, मी तिथंच फरशीवर बसलो. डोळ्यांत वरण, आणि डोक्यात उजेड. गेल्या एप्रिलात त्यांचे वडील वारले. बँकेनं रजा दिली नाही. दहाव्याला दोन तास पिंडाला कावळा शिवेना, शेवटी दर्भाचा करून शिववला, असं भावानं पोस्टकार्डावर कळवलं होतं. (ते कार्ड त्यांच्या उशाखाली असतं, मी वाचलंही होतं.) बाप अजून उपाशी आहे, मग मी कसा जेवू, एवढंच ते तीन महिने सांगत होते. बंगाल्यांना ते कळलं नाही, ठीक. पण कृष्णेकाठचा मी, आठ दिवस त्यांच्या वडलांना छडीनं हाकलत होतो! (तसेही इथले कावळे मासे खाऊन माजलेत, शिळ्या भाताकडे ढुंकून बघत नाहीत.) आणि पिंडाला कावळा शिवताना जन्मात न पाहिलेला तो म्हातारा पुस्तकातून बरोबर निघाला, हे मला सहन होत नाही.

लाहिरीबाबू म्हणाले, आजार काही कावळ्यानं आणला नाही, पण आजाराला बोलायला शब्द त्यानं दिले. धाकटे म्हणाले, गोळीनं हे सगळं गप्प झालं असतं. मी म्हटलं, गोळी द्याच, तिनं कानातली माणसं दबतात हे मी बघितलंय. पण गप्प झालेला माणूस उपाशीच राहिला तर? त्यावर मी वॉर्डबॉय आहे अशी मला आठवण करून देण्यात आली. आता निकाल असा, की महिनाअखेरपर्यंत जेवले नाहीत तर मनोहरपंतांची रवानगी रांचीच्या वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात. तिथं मराठी कोण बोलणार?

असल्या जागी मी एक दिवसही राहणार नाही. सर्वांना वयाप्रमाणे नमस्कार आणि आशीर्वाद वाटून द्यावेत.

तुमचा,
मुकुंद

ता. क. – काम राहिलंच. कऱ्हाड तुम्हाला एस. टी.नं तासाभराचं. त्यांचे भाऊ विनायकराव यांना गाठा. पत्ता मागं लिहिलाय. घाटावर वडलांना काय काय कबूल केलं ते विचारा. शेत सांभाळू, आईला बघू, सगळं म्हणाले असतील. ‘मनूची काळजी घेऊ’ असं कुणी म्हणालं का? नसेल तर आता संगमावर जाऊन म्हणा म्हणावं, आणि तसं स्वतःच्या हातानं लिहून लगेच पाठवा. मी त्यांच्या नावानं एक पत्र लिहून दाखवलं होतं. मनोहरपंतांनी वाचून परत दिलं. म्हणाले, विनायक मला कधी ‘प्रिय’ लिहीत नाही.

आणखी ता. क. – त्यांनी काल मला विचारलं, तुझ्या वडलांना शिवला का रे? मी म्हटलं, पहिल्या फटक्यात. मामा, आबा गेल्याची तार मला तेरावा झाल्यावर मिळाली. घाटावर तुम्ही होता. काय झालं ते लिहा. पण पोस्टकार्ड नको.