टायफॉइड म्हणायचं

आई,

मी दवाखान्यात भरती व्हायला निघालेय. तुझी वाट पाहिली असती, पण रिपोर्ट बघून डॉक्टरांनी लगेच बोलावलं. कुकर झालाय. मशीनवरचा निळा कोट अर्धाच शिवून झालाय, गिऱ्हाईक आलं तर तसाच परत दे.

डोळे पिवळे झालेत ते जागरणाने नाही. दहावीत मला कावीळ झाली होती, आठवतंय? तूच पढवलंस, कोणी विचारलं तर टायफॉइड म्हणायचं, नाहीतर लग्न जमणार नाही. जमलं, आणि चार वर्षांत मोडलंही. सवय तेवढी राहिली. बोटांचे सांधे आखडले, सुई धरवेना, तेव्हा गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "कधी कावीळ?" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नाही, टायफॉइड." त्यांनीही रक्त न तपासता माझ्यावर विश्वास ठेवला.

ती बी प्रकारची कावीळ होती. इतकी वर्षं लिव्हरमध्ये दबा धरून बसली होती. सांध्यांच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबली आणि ती उठली. गोळ्या मी सोबत नेतेय. त्या मनाने बंद करायच्या नसतात, म्हणून डॉक्टर सांगतील तसं.

उद्या तूही ये. तुझंही रक्त तपासायचंय. ही कावीळ जन्माच्या वेळी आईकडून मुलाला येऊ शकते म्हणे. मी भांडत नाहीये, भांडायला अंगात त्राण नाही.

तिथे तुलाही विचारतील, कधी कावीळ झाली होती का.

टायफॉइड म्हणू नकोस.