तारेचा आकडा आणि दोन प्रेसचा नियम

हे लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. मी, कुलपांच्या कारखान्यातला निवृत्त सुपरवायझर, वय एक्क्याऐंशी, शिक्षण चौथी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डोकं ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मनाचा दाखला कोणी देत नाही.

१. राहत्या दोन खोल्या आणि शिल्लक मुलीला. मोरीचा नळ जरा उचलून फिरवला तरच बंद होतो, हे जावईबापूंना तीनदा सांगून झालं आहे.

२. शिडी धाकट्या भावाला. ती वीस वर्षं त्याच्याकडेच आहे, तेव्हा आणायला येऊ नये.

३. हत्यारांच्या पेटीत एक तारेचा आकडा आहे. तो माझा नाही. पत्रा कापायच्या प्रेसवर माझा एक जोडीदार होता, सगळे त्याला तारवाला म्हणत. एकाची दोन बोटं प्रेसखाली गेली, तेव्हा त्याने हा आकडा वाकवला. आकड्याने पत्रा बाहेर ओढला जाई, हात आत घालावा लागत नसे. त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणाला, "सूचनापेटीत चिठ्ठी तू टाक रे." मी टाकली, आणि खाली माझं नाव घातलं. प्रशस्तिपत्र मला मिळालं तर हा हसला. "नावाचं काय घेऊन बसलास? बोटं वाचली ना!"

महिन्याभरात फळ्यावर नवा नियम लागला: हात मोकळा राहतो, तर एकाने दोन प्रेस चालवावेत. निम्मी माणसं जादा ठरली. मला सुपरवायझर केलं आणि कमी करायच्या माणसांची यादी मागितली. पहिलं नाव मी तारवाल्याचं लिहिलं. तो राहिला असता तर आकडा कोणाचा हे कधीतरी फुटलं असतं. यादी कोणी केली, हे त्याला आजही ठाऊक नाही. फाटकाशी म्हणाला, "तू तरी राहिलास, बरं झालं. आकड्याला तेल देत जा, गंजला की अडकतो."

अजून देतो.

४. प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवावं. कारखान्याने आकड्याला त्याचं नाव द्यावं. दोन प्रेसच्या नियमाला माझं द्यावं, तो माझ्या चिठ्ठीमुळे आला.

५. आकडा तारवाल्याला. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, पण मला तेवढा धीर नाही. म्हणून नक्कल आणि आकडा घेऊन मुलगी आजच त्याच्याकडे जाईल. तिने सगळं वाचून दाखवावं. यादीचं गाळू नये.

साक्षीदार: समोरचा शिंपी (सही), औषधाच्या दुकानातल्या बाई (सही)
ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: नऊ, सोमवार
माझी सही, खात्रीला अंगठाही

तारवाल्या, आकडा परत धाडलास तरी चालेल, शिव्या दिल्यास तरी चालेल. पण निरोप लवकर धाड.