विरुद्ध बाजूचं प्रकरण

बेन, विद्यापीठात सगळे तुम्हाला मॅडम म्हणत. मी गुजराती शाळेतून आलेली, पहिल्याच तासाला सवयीनं 'बेन' म्हणून मोकळी झाले आणि मागची बाकं खिदळली. तुम्ही मात्र "बोल ना" म्हणालात, आणि मग एम.ए. होईपर्यंत मी तुम्हाला दुसरं काही म्हटलंच नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झालीत की तुमच्या वेळचं कुणी विभागात उरलेलं नाही. मीच आता तिथली जुनी.

बी.ए.ला तुमच्या एका रीतीचा आम्हाला धाक होता. कुणी एखादं मत ठोकून दिलं, की तुम्ही त्यालाच उलट बाजू मांडायला उभं करायचात. नुसती मांडून भागत नसे; त्या उलट मताच्या कुणीतरी 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं कबूल केल्याशिवाय खाली बसायची सोय नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी गाइडमधली वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. "हे छापणाऱ्याचं झालं. आता तुझं सांग." माझं असं काही नव्हतंच. रडू आलं, पण गाइड सुटलं ते कायमचं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी बाबांचा कारखाना बंद पडला. बाहेरचा स्वस्त माल यायला लागला होता, मालकांनी यंत्रं विकून टाकली. बाबा घडियाळी पोळातल्या, त्या जुन्या गल्लीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर पेपर घेऊन बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. माझा प्रबंध नेमका नव्या आर्थिक धोरणावर. तो मी रागारागानं लिहून काढला आणि सायकल मारत नदीपलीकडे अकोट्याला तुमच्या घरी आले. तुम्ही हयातभर सरकारी नियोजनाचं अर्थशास्त्र शिकवलेलं. नवं धोरण तुमच्याही घशाखाली उतरत नाही, हे आम्ही ओळखून होतो. तुम्ही पाठ थोपटणार याची मला खात्री होती.

अजून दिसतं मला. तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला आहात. जुडी माझ्यापुढे सरकवता, हात पुसून वाचायला घेता. माझी मेथी संपते तरी तुमचं वाचन चालूच असतं.

"छान लिहिलंयस," तुम्ही म्हणालात. "दुसरी बाजू कुठे आहे?"

"बेन, सध्या आमच्या घरात काय चाललंय ते मी रोज बघते. दुसरी बाजू मी कशाला मांडू?"

"म्हणूनच तू मांडायची. ज्यांचं काही गेलं नाही, त्यांनी मांडली तर कोण विश्वास ठेवणार?" आणि मग एकदम मऊ आवाजात, "जा बेटा, पूछी आव. ज्यांना यातून काम मिळालं, त्यांना विचारून ये."

मी तणतणत घरी गेले आणि एम.ए. सोडते म्हणून जाहीर केलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "बेन सांगतात तर विचारून ये ने," म्हणाले. त्यांनीच म्हटल्यावर मला पळवाट उरली नाही. औषधांच्या एका नव्या कारखान्याच्या दारात मला माझ्याच वयाची एक बाई भेटली. गोळ्यांची पाकिटं भरायचं तिचं काम. आधी घरात तिला कुणी विचारत नसे. आता कामावरून घरी गेली की सासू विचारते, भाजी कसली करू? हे सांगताना ती इतकी खुलली होती की तिच्यावर रागवावं असं काही मला सापडेना.

दुसऱ्या बाजूचं ते प्रकरण मी लिहिलं आणि आधी बाबांना वाचून दाखवलं. "चला, तिचं तर सारुं झालं, भलं झालं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. मग उठून आत गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आले नाहीत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच प्रकरणाची तारीफ केली. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

बेन, तुमच्याइतका सच्चा माणूस मी त्या विषयात पुन्हा पाहिला नाही. ते प्रकरण मी आजही वर्गात शिकवते, त्यात एक वाक्य खोटं नाही. पण खरं सांगू? मला ते अजून पटलेलं नाही. तुम्हालाही कधी पटलं नसावं, आणि तरी तुम्ही ते माझ्याकडून लिहून घेतलंत. तुम्ही समोर असतात, तर हे बोलायची माझी छाती झाली नसती.