वरचे ठिपके

सोमवार, ३
नोकरी लागली, तीही दादा ज्या दवाखान्यात भरती आहे तिथेच. वहिनी म्हणाली, आता भावाची कुरकुर तूच ऐक. ईसीजीचं यंत्र नवंकोरं आहे. आधीच्या नोकरीतल्यासारखं त्याला चापट मारून जागं करावं लागत नाही.

डॉक्टर सज्जन वाटले. नाडी जलद झाली की ईसीजीच्या पट्टीवरचं क्यूटी अंतर, म्हणजे एकाच ठोक्याच्या पहिल्या आणि शेवटच्या लाटेमधला वेळ, आपोआप आखडतं, म्हणून वेग लक्षात घेऊन ते दुरुस्त करायचं. मगच कळतं, औषध हृदयाला सोसतंय का. त्यांच्या मते पुस्तकातलं सूत्र सगळ्यांना एकाच मापाचा सदरा घालतं. इथे प्रत्येकाची वेगळी रेष काढतात. संथ ठोक्यांचे ठिपके खाली, जलद ठोक्यांचे वर, आणि त्यांतून रेष. ती पूर्ण झाली की दादाचं औषध सुरू होईल.

गुरुवार, ६
खालचे ठिपके सोपे, रोगी पडल्या पडल्या मिळतात. वरच्यांसाठी सायकल मारायला लावतात. ज्यांना जमत नाही त्यांना मदतनीस आतल्या खोलीत नेतो. माणूस अगडबंब, पण बोलायला गोड, मला ताई म्हणतो. चहा आणून दिला तेव्हा त्याच्या बोटांची सालटी निघालेली दिसली. विचारलं तर नुसता हसला.

शनिवार, ८
आतल्या यंत्राचा कागद संपला म्हणून गेले. मदतनीसाने एका आजोबांचं डोकं बादलीत दाबून धरलं होतं. छातीला तारा. वर काढलं तेव्हा ओठ फाटलेला, पाणी लाल. डॉक्टर शांतपणे म्हणाले, भीतीने नाडी छान चढते, आणि सायकलीपेक्षा पट्टी स्वच्छ येते. कागद बदला म्हणाले. मी बदलला. माझीच मला किळस येतेय.

रविवार, ९
आजोबा गेले. डॉक्टर म्हणाले, रेष पूर्ण झाली होती, तेव्हा काही वाया गेलं नाही.
दादाचे पाय अधू आहेत. सायकल जमणार नाही. वहिनीला फोन केला, तिने मला वेड्यात काढलं. दादासुद्धा म्हणतो, डॉक्टर देवमाणूस आहेत. काही असो, उद्या गाडी बोलावलीय. त्याला उचलून नेणार.

सोमवार, १०
गाडी आली. दादाचा पलंग रिकामा —
आतल्या खोलीत. खुर्चीला बांधलेला. करंगळी उलटी मोडलेली. डॉक्टर म्हणाले, अजून वर हवं. मदतनीसाने दुसरं बोट धरलं —
ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना हाताला लागला. त्याच्या डोक्यात घातला. पुन्हा. पुन्हा. तो पडल्यावरही. हाड मऊ लागेपर्यंत.
दादा ओरडत होता, थांब, थांब. मला वाटलं, त्याला म्हणतोय —

मला म्हणत होता. माझ्याकडे बघत. यंत्रावरचा आकडा चढत गेला, पट्टीवरच्या लाटा पिळवटल्या, मग सरळ.
दादा गेला. मी घालवला.

डाव्या हाताने लिहितेय. डॉक्टरांनी पट्टी फाडली, मोजली, ठिपका दिला. म्हणाले, इतका वरचा आजवर कुणाचाच आला नव्हता. मग माझं मनगट धरून नाडी बघितली. संथ आहे. का संथ आहे —
म्हणतात, मदतनीसाची जागा रिकामी झाली. पुढची बाई दाराशी आणलीय. रडतेय. मी पाना टाकतेय, पण बोटं उघडत नाहीत, ती आत येतेय आणि माझी बोटं —