भिवा खाणीत पडला नव्हता

लांजा, १० नोव्हेंबर २०२५

ती. काशीरामकाकांस,
रेणुकाचा सप्रेम सलाम. वि. वि.

माझा मोबाईल पोलिसांनी पुराव्यासाठी ठेवून घेतलाय, म्हणून पत्र. तुम्हाला तसंही फोनवर अर्धंच ऐकू येतं!

काल आपल्या मेथडिस्ट चर्चमध्ये उपासनेला आम्ही एकतीस जण होतो. अर्पणाचं गीत चालू असताना वीस-पंचवीस माणसं दांडकी घेऊन आत घुसली. धर्मांतर करता म्हणून ओरडत होती. पाळकसाहेबांना ओढून तोंडावर मारलं, तीन दात पडले. सुंदराबाईंच्या बरगड्या मोडल्या, वय ब्याऐंशी. मी मध्ये पडले तर माझा डावा हात मोडला. मारणारा संदेश, माझाच चौथीतला जुना विद्यार्थी. त्याने सुंदराबाईंवर पुन्हा दांडकं उगारलं, तेव्हा मी पितळी फुलदाणी त्याच्या डोक्यात घातली. तो खाली पडला. पडल्यावर आणखी एकदा घातली.

तो रत्नागिरीला दवाखान्यात बेशुद्ध आहे. तो बाकावर आपटला असंच सगळ्यांनी सांगायचं, असं मंडळीचं ठरलंय. पहिला घाव मी कुणापुढेही कबूल करीन, काका. दुसऱ्याचं काय करू? मंडळीच्या शंभर वर्षांचा इतिहास तुम्हीच माझ्याकडून लिहून घेताय. त्यात काय लिहू?

प्रार्थनेत आठवण ठेवा.
तुमची रेणुका

मिरज, १७ नोव्हेंबर २०२५

चि. रेणुकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हात प्लास्टरमध्येच राहू दे, एका हाताने भांडी घासायला जाशील, मी ओळखतो तुला.

तू पाठवलेल्या इतिहासात १९७४ सालाखाली आहे, की भिवा चिऱ्याच्या खाणीत पडून अधू झाला आणि गाव सोडून गेला. मंडळीच्या वहीत तसंच आहे, कारण ते मीच लिहिलंय. भिवा खाणीत पडला नव्हता. प्रभुभोजनाच्या वेळी त्याने आम्हा जुन्या घरांच्या आधी प्याल्याला तोंड लावलं. आम्ही बाप्तिस्मा घेतला होता, जात सोडली नव्हती. चौघांनी त्याला चर्चमागे नेलं. तिघांनी धरलं, गुडघ्यावर पहार मी घातली. मोडला, आता पुरे, असं तो म्हणाला. त्यानंतरही घातली. मग सगळ्या मंडळीने मिळून खाण ठरवली.

एकावन्न वर्षं मी पुढच्या बाकावर बसलो, मुली. तुझा दुसरा घाव सांग. माझं नावही लिही.

हात सांभाळ. माया पातळ होऊ देऊ नकोस.
काशीरामकाका

लांजा, ३ डिसेंबर २०२५

ती. काकांस सप्रेम सलाम.

संदेश शुद्धीवर आला. उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी दोन्ही घावांचा जबाब दिला. त्याच्यावर गुन्हा आहे, माझ्यावरही, जामीन झालाय. शाळेने घरी बसवलंय. पाळकसाहेब बोळक्या तोंडाने म्हणाले, की बाई, तुम्ही आम्हाला उघडं पाडलंत. रविवारी नऊच जण आले. सुंदराबाई रिक्षातून आल्या, माझ्या शेजारी बसल्या.

भिवाचं पान नव्याने लिहिलं आणि ते घेऊन रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला गेले. भिवा वारून नऊ वर्षं झाली. त्याची बायको कमळा लेकीकडे असते. पान मी वाचून दाखवलं, तिने पुन्हा वाचायला लावलं. पहार कुणाची होती हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तुमचं पत्रही तिला दाखवलं, पण ते तिने हातात घेतलं नाही. म्हणाली, कागदावर नको. त्याने स्वतः यावं, उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगावं. आत घ्यायचं की नाही, ते मी तेव्हा बघेन.

ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे, काका, आणि दम लागतो तिला. शनिवारच्या गाडीने या. रत्नागिरी स्टँडवर मी उभी असेन. पिशवी मात्र तुमची तुम्हालाच उचलावी लागेल.

रागावला असलात तरी या.
तुमची रेणुका