फोडाचं कौतुक

३ फेब्रुवारी, मंगळवार

सिद्धीच्या मनगटावर फोड आला. चांगला बंद्या रुपयाएवढा. देव आहे!

आमच्या पुरोहितांनी, भीमाचार्यांनी, मागच्या आठवड्यात घोळ घालून ठेवला होता. "कमलाक्का, यंदा श्राद्धाचा स्वयंपाक सुनेच्या हातचा होऊ दे. तुमचं वय झालं. सरी ना?" कसली सरी नि कसलं ठीक! श्राद्ध यांचं. यांना आवडायचं तसं सार या घरात फक्त मला येतं. आणि ती पुण्याची, इथं महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारी. आमच्या मडीला 'सोवळं' म्हणते. पण श्रीवत्साला बायकोचा भारी पुळका. "शिकव ना अम्मा तिला." लेकानं सांगितलं, शिकवलं.

आज सार उतरवताना तिच्या हातून पातेलं निसटलं. थोडं मनगटावर, बाकी सगळं जमिनीवर. घर डोक्यावर घेतलं बयेनं! मी त्या कढत ओघळात अनवाणी उभी राहून गॅस बंद केला, पातेलं उचललं. हूं नाही की चूं नाही. माणसाच्या अंगात दम लागतो.

ती आपली नळाखाली हात धरून उभी. कितीतरी वेळ. कावेरीचं पाणी जसं काही तिच्या माहेराहून येतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

म्हटलं, हळद-तूप लाव. "नको आई, असलं काही लावायचं नसतं." बरं, सुईनं टोच, पाणी जाऊ दे. "फोडायचा नसतो आई. वरची कातडीच आतलं जपते. इन्फेक्शन होतं नाहीतर." फोनमध्ये वाचून मला शिकवते! वर जाळीची पांढरी पट्टी, सैल बांधलेली. दर तासाला हात धरून बघत बसते, जसं काही त्यातून पिल्लूच निघणार आहे.

शेवटी मीच म्हणाले, "सिद्धी, या घरात फोडाचं कौतुक करत नाहीत." तोंड एवढंसं झालं. मला जेवण गोड लागलं.

जेवताना सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं — अंगावर वाहती जखम असेल तर मडीत पाऊल टाकायचं नाही. पितरांच्या पानाला चालत नाही. सासूबाईंनी घालून दिलेला नियम आहे. श्रीवत्सानं मान डोलावली. आता तो फोड फुटला की झालं!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

माळ्यावरची सगळी पितळी भांडी खाली काढली. समया, ताम्हनं, घंगाळ. चिंच-मीठ दिलं आणि तिला घासायला बसवलं. बघू किती टिकतो फोड.

रबरी मोजे घालून घासली! देवाची भांडी, मोजे घालून! आणि वर मला विचारते, "चकाकली ना, आई?"

चकाकली. मोलकरणीला सांगते तसं सांगितलं, "स्वल्प अजून घास."

७ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या पलंगापाशी मुंग्यांची रांग. आधीच माझ्या अंगात साखर, त्यात ही घरभर सांडते. चांगली फैलावर घेतली.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी तुळशीला प्रदक्षिणा घालत होते. सिद्धी मागच्या दाराशी उभी. माझ्या पावलांकडे टक लावून बघत होती. तोंड उघडलं, मिटलं, आत गेली. नमस्कार करायचं मनात आलं असेल, धीर झाला नसेल. भ्यायलाच हवं.

डावी चप्पल घट्ट होतेय. जयनगरच्या फुटपाथवरचा माल, दुसरं काय होणार? अंगात कसकस आहे. उन्हं वाढली.

११ फेब्रुवारी, बुधवार

बसला! तिचा फोड बसला. फुटलाच नाही मेला. पाणी आतल्या आत जिरलं, खाली नवी गुलाबी कातडी. श्रीवत्स तिचा हात हातात घेऊन बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. उद्या यांच्या पानावर तिच्या हातचं सार. मग मी या घरात कशाला आहे? नारळ खोवायला?

नाही. पहाटे तिच्या आधी न्हाईन आणि ओलेत्यानं गॅसपाशी उभी राहीन. कोण मला हात धरून बाजूला करतं तेच बघते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उभी राहिले. सार चढवलंसुद्धा. ती दारात आली, मला पाहिलं, बाजूला झाली. जिंकले म्हटलं!

मग भीमाचार्य आले आणि उंबऱ्यापाशीच थबकले. "अक्का, हे जमिनीवर काय?"

लाल फरशीवर माझ्या डाव्या पावलाचे ठसे. न्हाणीघरापासून चुलीपर्यंत. पिवळट, चिकट. श्रीवत्सानं मला बसवून पाय उचलून पाहिला आणि वासानं तोंड फिरवलं. तळव्याला भाजल्याचा फोड फुटून खड्डा पडलेला. करंगळी काळी. आणि मला दुखत नव्हतं! अजिबात नाही!

"मडीत नको, अक्का," आचार्य हळूच म्हणाले. त्यांना तरी काय बोलायचं? नियम माझाच.

माझं सार ओतून दिलं. चूल धुतली. सिद्धीनं नवं केलं. श्रीवत्स मला तेव्हाच दवाखान्यात नेत होता, मीच हटून बसले, पान वाढेपर्यंत हलायचं नाही म्हणून. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पाय पाटावर. फोडणीचा वास आला. अगदी यांना आवडायचा तसा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखाना. दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, साखरेनं पायाची जाणीव मेलीय, म्हणून कळलं नाही. मी त्याला दम समजत होते. "सुरुवातीला कुणी नुसतं पाहिलं असतं, तर साध्या पट्टीवर भागलं असतं, अम्मा." कोण पाहणार? मी कुणाला पाय दाखवते?

२२ फेब्रुवारी, रविवार

घरी आणलं. पट्टी सिद्धीनं बदलली. फार हळुवार हात आहे तिचा. शेवटची गाठ मारताना खाली बघूनच म्हणाली, "तुळशीपाशी तुमचा पाय दिसला होता मला, आई. प्रदक्षिणा घालत होतात त्याच दिवशी. पण या घरात फोडाचं कौतुक करत नाहीत ना."

दारातून श्रीवत्स म्हणाला, "बघ अम्मा, किती करते तुझं." आता रोज सकाळ-संध्याकाळ तीच बांधणार आहे.