शेवळांसंगं काकडं

पारूताई,

काल तुझ्या शेवळांची मी माती केली. ताप अंगावर काढून तू ती भाजी रानातून आणलीस, आणि मी नाक्यावर विकताना काकडाच्या आंबट फळांचे वेगळे पैसे सांगितले. काकडं घातल्याबिगर शेवळं घशाला खाजतात, म्हणून तू जुडीसंगं ती तशीच देतेस. पण माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिवलंय, फुकट कायच नसतं. बाया हसून पुढं गेल्या, शेवळं सुकली.

आज रानात मी चाललेय. तू उठू नको, पेज चुलीवर हाय.

एक डोक्यातून जात नाय. माझ्यापायी तू सातवीतून शाळा सोडलीस, ते मी इतकी वर्षं फुकटच घेतलं ना गं?

रूपाली